माशांच्या टँकवर टांगलेला लाइट सारखा एका बाजूला झुकतो? दोरी बदलायच्या आधी सरकतंय काय ते शोधा

लाइट टांगला, लेव्हल लावून सरळ केला, छान दिसतोय, आणि पंधरा दिवसांनी सोफ्यावरून बघावं तर एक बाजू खाली आलेली. मग स्टुलावर चढायचं, दोरी ओढायची, गाठ मारायची, की परत तेच. पावसाळ्यात हे जास्त होतं आणि काही घरांत याचा शेवट वरचा हूक गिट्टीसकट (म्हणजे भोकात ठोकलेल्या प्लास्टिकच्या प्लगसकट) बाहेर येण्यात होतो. खाली ३६ बाय १८ बाय १८ इंचाचा टँक असेल तर काठोकाठ भरल्यावर साधारण १९० लिटर पाणी आणि त्याच्यावर २३० व्होल्टची वायर, म्हणून हा विषय नुसता दिसण्याचा नाही. ओळखीत ज्यांच्याकडे असा लाइट आहे त्यातले बहुतेक जण दोरी बदलतात, मग जाड दोरी आणतात, आणि तरी लाइट झुकतच राहतो, कारण झुकलेला लाइट आपल्याला दोरीच्या टोकाला दिसतो पण सरकत असतं भलतंच काहीतरी.

टांगायचाच कशाला असं विचारणारे पण आहेत, तर थोडक्यात सांगतो. झाकण आणि त्यात लाइट असला की खालची उष्णता कोंडते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पाणी तसंही तिशीच्या वर जातं. वरून उघडा टँक असला की बाष्पीभवनाने पाणी थोडं गार राहतं, हात घालायला जागा मिळते, पाण्याबाहेर वाढणाऱ्या झाडांना वाव मिळतो, आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे लाइटची उंची कमी-जास्त करता येते. जपानच्या ताकाशी अमानोंनी (१९५४–२०१५) असे उघडे टँक आणि वर टांगलेले लाइट जगभर लोकप्रिय केले, आपण सगळे आज जे करतो त्याचं मूळ बरंचसं तिकडेच आहे. फक्त त्यांचे फोटो बघताना वरचा हूक कशात बसवलाय ते दिसत नाही, आणि आपलं सगळं अडतं ते तिथेच.

आधी खुणा करा, मग पाना हातात घ्या

मास्किंग टेप, पेन्सिल आणि मोजपट्टी एवढंच लागतं. पहिली खूण वर, हूक किंवा पुलीची पट्टी जिथे स्लॅबला टेकते तिथे कडेने बारीक रेघ मारा, आणि हूक असेल तर त्याचं तोंड कुठे आहे ते लिहून ठेवा, खिडकीकडे की दाराकडे. दुसरी खूण, पुलीने टांगला असेल तर, दोरीवर, म्हणजे पुलीतून बाहेर येते तिथे टेपचा तुकडा आणि भिंतीवरच्या हुकाला गुंडाळलीय तिथे दुसरा. तिसरी खूण खाली लाइटच्या बॉडीवर, क्लॅम्प जिथे पकडतो तिथे, दोन्ही टोकांना. मग लाइट सरळ करा आणि दोन्ही टोकांपासून टँकच्या काठापर्यंतचं अंतर मोजून टेपवरच लिहा. पाण्यापर्यंत मोजू नका, पाणी रोज उडतं आणि ते माप दुसऱ्या दिवशी कामाचं राहत नाही. आता आठवडाभर हात लावायचा नाही.

हे करताना अजून एक बघा, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर टँकच्या दोन्ही टोकांना सारखं आहे का. पाण्याइतकी खरी लेव्हल दुसरी कुठली नसते. डावीकडे एक इंच आणि उजवीकडे दीड इंच असेल तर लाइट झुकलेला नाही, टँक तिरका आहे, आणि मग लाइटचं काम तिथेच थांबवा आणि स्टँड बघा. एखादा पाय खाली बसत चाललाय का, प्लायवूड फुगलंय का, फरशी पोकळ आहे का. तिरक्या टँकमध्ये काचेच्या जोडांवर नको तिथे ताण येतो, हे लाइटपेक्षा खूप जास्त गंभीर आहे. पाचर ठोकायची असेल तर आधी पाणी काढा, भरलेल्या टँकखाली काहीही ठोकायचं नाही.

आठवड्याने खुणा वाचायच्या. भिंतीवरच्या हुकाजवळची टेप पुढे गेलीय म्हणजे दोरी तिथे घसरतेय, हे सगळ्यात सोपं, गुंडाळायची पद्धत बदला, आठाच्या आकारात तीन-चार वेढे आणि शेवटी एक उलटा वेढा. ती टेप जागेवर आहे पण पुलीजवळची टेप लाइटच्या बाजूला पुढे आली आणि लाइटही उतरला, म्हणजे दोरी ताणतेय. छताच्या हुकाचं तोंड फिरलंय म्हणजे हूक हळूहळू उलटा सुटतोय. पेन्सिलीची रेघ आणि पट्टी यात फट दिसतेय किंवा खाली पांढरी पावडर पडलीय, तर पुढचं वाचायच्या आधी लाइट उतरवा.

जवळच्या पुलीवर तिप्पट वजन

आपल्याकडे लाइट टांगायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे बाल्कनीत कपडे वाळत घालायला लावतो तो पुलीचा हँगर. त्यातली एकच दांडी, दोन पुल्या, एक दोरी गुंडाळायचा हूक, बास. टँक साफ करायच्या वेळी दोरी ओढली की लाइट वर, काम झालं की खाली, आणि सामान कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. मला ही पद्धत मनापासून आवडते. पण ती बसवताना दोन्ही टोकांना सारखंच वजन येणार असं धरून चालतात आणि गडबड तिथे होते.

समजा लाइट २ किलोचा आहे, म्हणजे प्रत्येक दोरीवर १ किलो. लांबच्या टोकाला एकच पुली असते, दोरी खालून वर येते आणि आडवी वळते, म्हणजे त्या पुलीला १ किलो खाली आणि १ किलो बाजूला असं ओढणं. जवळच्या टोकाला मात्र जोडपुली असते. तिथली स्वतःची दोरी वर येऊन परत खाली भिंतीकडे जाते, म्हणजे दोन्ही अंगांनी ओढ, झाले २ किलो. वर लांबून आडवी आलेली दोरीही इथेच खाली वळते, तिचा अजून १ किलो. बेरीज करा, जवळच्या पुलीवर ३ किलो खाली आणि लांबच्या पुलीवर १ किलो. लाइट सगळा मिळून २ किलोचा आणि एका हुकावर ३ किलो! म्हणून ज्या बाजूला दोरी गुंडाळलेली असते तिकडचा हूक आधी निघतो, हे बघितलंत तर लक्षात येईल. त्या बाजूला चांगला अँकर (भोकात फुगून पकडणारा धातूचा बोल्ट) लावा, आणि कुठली बाजू जवळची ठेवायची हे तुमच्या हातात असेल तर जिकडे स्लॅब कोरडा आणि पक्का आहे ती बाजू निवडा, जिकडे वरच्या मजल्याच्या बाथरूमची ओल येते ती नाही.

दुसरी गोष्ट दोरीच्या लांबीची. जवळची दोरी लाइटपासून वर ४ फूट आणि तिथून खाली हुकापर्यंत ५ फूट धरली तर ९ फूट. लांबची दोरी तेवढीच अधिक मधलं ३ फूट, म्हणजे १२ फूट. नायलॉन हवेतला ओलावा पितं आणि ताणतं, समजा दोन्ही दोऱ्या २ टक्के ताणल्या, तर जवळची सव्वादोन इंचाच्या आत-बाहेर आणि लांबची जवळजवळ तीन इंच. फरक पाऊण इंच, आणि तो दर वेळी एकाच बाजूला, लांबच्या. म्हणजे दोरी चांगली असो की वाईट, दोन्ही सारख्याच प्रतीच्या असल्या तरी लाइट झुकणारच, कारण लांबी वेगळी आहे. जाड नायलॉन आणून हे कमी होतं पण जात नाही. पॉलिएस्टरची विणलेली दोरी घ्या, ती ओलाव्याने फारशी ताणत नाही. नवीन दोरी लावायच्या आधी लाइटच्या दुप्पट वजनाची पाण्याची बाटली बांधून दोन-तीन दिवस तशीच लटकत ठेवा, जो काही सुरुवातीचा ताण आहे तो निघून जातो. मासेमारीची पारदर्शक तंगूस दिसत नाही म्हणून लोक वापरतात, कृपा करून वापरू नका, ती वजनाखाली लांबत राहते, गाठीशी कमजोर होते आणि तुटताना आधी काही सांगत नाही.

पुलीवरून स्टीलची वायर घ्यायचा मोह होतो. छोट्या प्लास्टिकच्या पुलीवर ती नीट वळत नाही, तिला बाक बसतो आणि तिथूनच एकेक तार तुटायला लागते, म्हणून पुली असेल तर पॉलिएस्टर आणि वायर असेल तर पुली नको, असं सरळ ठेवा.

स्लॅबला भोक

भिंतीला चित्र लावतो तेव्हा स्क्रूवर वजन आडवं येतं, गिट्टी सैल असली तरी चालून जातं. स्लॅबला हूक लावला की सगळं वजन त्याला सरळ बाहेर ओढतं, म्हणून प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू-हूक ही जोडी छताला वापरायचीच नाही. धातूचा अँकर फास्टनर घ्या, ६ किंवा ८ एमएमचा पुरे होतो, आणि भोक पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच बिटने पाडा, मोठं बिट वापरलं की अँकर फुगतो पण पकडत नाही. स्लॅबच्या खाली प्लास्टर असतं, ते अँकरच्या लांबीत धरू नका, बिट काँक्रीटमध्ये गेलं की आवाज बदलतो आणि पावडर बारीक, राखाडी येते, तिथून पुढे मोजा. मध्येच सळई लागली (बिट पुढे जात नाही, किणकिण आवाज) तर जोर करू नका, दोन इंच बाजूला घ्या. भोकातली पावडर ब्रशने आणि फुंकणीने पूर्ण काढा, ही पावडर राहिली की अँकर तिच्यावरच घसरतो, आणि वायरमन घाईत हेच सोडतात.

भोक पाडायच्या जागेबद्दल एक सांगतो. पंख्याच्या पॉइंटपासून स्विचबोर्डच्या भिंतीकडे जाणारी सरळ रेघ मनात आखा, तिच्या आसपास ड्रिल लावू नका, स्लॅबच्या आत त्या वाटेने वायरिंगचा पाईप गेलेला असू शकतो. आणि ड्रिल करताना टँकवर प्लायवूडचा तुकडा आणि त्यावर जुनी चादर हवीच, सिमेंटची पावडर पाण्यात गेली की पाणी अल्कधर्मी व्हायला लागतं आणि कोळंबीला तर ते अजिबात चालत नाही.

पीओपी किंवा जिप्समची फॉल्स सीलिंग असेल तर तिच्यात काहीही अडकवायचं नाही. बोर्ड अर्ध्या इंचाचा असतो, तो लाइटसाठी नाही. बोर्डला छोटं भोक पाडून वरच्या खऱ्या स्लॅबला अँकर लावायचा आणि आट्यांचा रॉड खाली आणायचा, बोर्डला फक्त भोक, वजन शून्य.

नवीन इमारतींत भिंती सिपोरेक्सच्या असतात, हलका पांढरट-राखाडी ब्लॉक, खिळा हाताने आत जाईल असा. तिथे ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा, हॅमरने आतलं सगळं भुसभुशीत होतं आणि भोक दुप्पट मोठं. साधी गिट्टी त्यात फिरत राहते, सिपोरेक्ससाठीचा लांब अँकर मागून घ्या, आणि लाइट जड असेल तर केमिकल अँकर (भोकात गोंद भरून बसवतात तो). भिंतीतून पुढे येणारा ब्रॅकेट लावणार असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण ब्रॅकेटचा वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो आणि खालचा आत दाबला जातो, म्हणून वरच्या आणि खालच्या स्क्रूमधलं अंतर जितकं जास्त तितकं बरं. तीन इंचाच्या छोट्या पट्टीवर दीड फुटाचा हात लावू नका.

काही हॉलमध्ये पंख्याचा जास्तीचा हूक स्लॅबमध्येच ओतलेला असतो आणि पंखा तिथे कधी लागतच नाही. तो मिळाला तर सोनं, एवढा मजबूत हूक तुम्हाला नंतर बसवता येणार नाही. फक्त त्या डब्यात वायरी असतात, मेन बंद करून त्यांची टोकं टेपने नीट झाका. आणि एका हुकावर लाइट टांगला की तो गोल फिरतो, त्यामुळे हुकाला एक आडवी पट्टी किंवा पाईप अडकवा आणि पट्टीची दोन्ही टोकं अजून दोन छोट्या अँकरने स्लॅबला धरा, वजन हुकावर आणि दिशा अँकरवर.

काहीही लावलं तरी टँकवर टांगायच्या आधी चाचणी करा. लाइट किचनच्या वजनकाट्यावर ठेवून मोजा, त्याच्या पाचपट वजनाची पाण्याची बादली त्या हुकाला रात्रभर लटकवा (पुली असेल तर दोरीलाच बांधून, म्हणजे खरा ताण येतो) आणि खालून टँक सरकवता येत नसेल तर जाड प्लायवूड ठेवा. सकाळी पेन्सिलीची रेघ जशीच्या तशी असेल तर पुढे जा.

पंख्याचा वारा

हूक फिरून सुटतो तो याच्यामुळे. लाइट दोन सरळ तारांवर असला की हॉलचा पंखा लावल्यावर तो मंद हेलकावत राहतो, दिवसभर, महिनोन् महिने, आणि स्क्रू-हूक प्रत्येक हेलकाव्याला केसभर फिरतो. डोळ्याला काही दिसत नाही म्हणून मगाशी तोंडाची दिशा लिहून ठेवायला सांगितलं. शिवाय पाण्यात सावल्या हलत राहतात आणि बुजरे मासे मागच्या झाडांतून बाहेर येत नाहीत, मग लोक पाणी तपासत बसतात.

उपाय सोपा आहे. वरचे दोन हूक लाइटच्या लांबीपेक्षा थोडे बाहेर घ्या, म्हणजे तारा किंचित तिरक्या येतात आणि लांबीच्या दिशेने हेलकावा बराच कमी होतो. पुढे-मागे हलणं थांबवायला प्रत्येक टोकाला इंग्रजी व्ही सारख्या दोन तारा, एक पुढच्या काठाला आणि एक मागच्या. फार तिरकं मात्र करू नका. दोन तारांवर टांगलेल्या लाइटची तार आडव्या रेषेशी ६० अंशांत असेल तर प्रत्येक तारेवर वजनाच्या ५८ टक्के ताण येतो, ३० अंशांवर आणली तर प्रत्येक तारेवर लाइटचं पूर्ण वजन. छत कमी उंचीचं असलं की लोक तारा पसरवत जातात आणि तिथे हे नडतं. स्क्रू-हुकाऐवजी आट्यांचा बोल्ट आणि नायलॉकचा नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप न सुटणारा) लावला तर फिरायचा प्रश्नच मिटतो.

तार, साखळी आणि किट

ज्यांना रोज वर-खाली करायचं नाही त्यांनी पुली सोडून द्यावी. एलईडी प्रोफाइल लाइटचं सस्पेन्शन किट मिळतं, बारीक स्टीलच्या तारा आणि त्याला आपोआप पकडणारे ग्रिपर, पिन दाबली की तार सरकते, सोडली की घट्ट. मुंबईत लोहार चाळ, पुण्यात तपकीर गल्ली, कुठेही विचारा. उंची दोन बोटांनी बदलता येते आणि तार ताणत नाही, झुकायचं बहुतेक दुखणं इथेच संपतं. त्या किटमधली छताची छोटी प्लास्टिक गिट्टी तेवढी बाजूला ठेवा आणि वर सांगितला तसा अँकर वापरा. ग्रिपरमध्ये दिलेलीच तार घाला, दुसऱ्या जाडीची आत जाईल पण धरणार नाही.

वायर रोप स्वतः आणून बुलडॉग क्लॅम्प लावणार असाल तर तोंड उलटं लागू देऊ नका. क्लॅम्पची खाचेची बाजू वजन घेणाऱ्या तारेवर आणि यू बोल्ट मोकळ्या, कापलेल्या टोकावर. उलटं लावलं की यू बोल्ट वजनाच्या तारेलाच चेंगरतो. एका टोकाला किमान दोन क्लॅम्प, आणि लाइट टांगल्यावर दुसऱ्या दिवशी नट परत आवळा, वजन आलं की तार थोडी बसते. पकडीने दाबलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीवर विश्वास ठेवू नका, त्याला क्रिंपिंगचंच हत्यार लागतं.

साखळी दिसायला जाड पण ताणाच्या बाबतीत एकदम खात्रीची. स्टेनलेस ३०४ ची घ्या, बारीक लेव्हल करायला एका टोकाला टर्नबकल (फिरवून लांबी कमी-जास्त करायचा स्क्रू). साधी लोखंडी साखळी टँकच्या वाफेवर एका पावसाळ्यात गंजते आणि गंजाचे कण पाण्यात. पितळी हूक सुंदर दिसतात, पण पितळेत तांबं असतं आणि कोळंबी, गोगलगायींना तांबं अगदी थोडंही चालत नाही, त्यावरून थेंब टँकमध्ये पडत असतील तर बदलून टाका. समुद्री टँकवाल्यांनी ३१६ च घ्यावं, खाऱ्या शिंतोड्यांनी ३०४ वर पण तांबूस डाग आणि बारीक खड्डे पडतात.

खालचं टोक

वर सगळं पक्कं आणि तरी झुकतोय, तर लाइटच्या बॉडीवरच्या खुणा बघा. इथे बहुतेक वेळा डबल टेप, ग्लू गन किंवा केबल टाय असतो. लाइटची पाठ चांगली तापते, गरम गोंद मऊ होतो, टेप तासभरात नाही पण महिन्याभरात सरकते. केबल टाय पांढरा असेल तर प्रकाश आणि उष्णतेने ठिसूळ होऊन एक दिवस टक् करून तुटतो, काळा थोडा जास्त टिकतो पण कायमचा उपाय तोही नाही. ॲल्युमिनियमच्या बॉडीला कडेने खाच असते, त्यात बसणारा नट-बोल्ट शोधा, नाहीतर ॲल्युमिनियमच्या पट्टीचा यू आकाराचा क्लॅम्प करून घ्या, स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडे तुकडे पडलेले असतात, तो दोन मिनिटांत वाकवून देतो. बॉडीला नवीन भोक पाडू नका, आत पाणी जायला तुम्हीच वाट करून दिल्यासारखं होतं.

दोन्ही क्लॅम्प टोकांपासून सारख्या अंतरावर लावले तरी लाइट झुकत असेल तर वजन एका बाजूला आहे, ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) आत असलेल्या लाइटमध्ये हे होतं. लाइट बोटावर तोलून मधला बिंदू काढा आणि तिथून दोन्हीकडे सारखं अंतर घ्या.

भाड्याचं घर असेल तर

स्लॅबला हात लावायचाच नाही, मालक डिपॉझिटमधून कापतो. स्टँडच्या मागून वर येणारी फ्रेम करा. पाऊण इंची जीआय पाईप, प्लंबिंगच्या दुकानात माप देऊन आटे पाडून मिळतो, दोन उभे, वर दोन एल्बो, आणि दोन आडवे हात टँकच्या मध्यापर्यंत. उभे पाईप स्टँडच्या मागच्या पायांना प्रत्येकी दोन यू क्लॅम्पने बांधा, दोन क्लॅम्पमध्ये जितकं अंतर तितका पाईप कमी हलतो. काचेला कशाचाही आधार देऊ नका, क्लॅम्प लावून तर नकोच. स्टँड नवीन बनवत असाल तर वेल्डिंगवाल्याला आधीच सांगा की मागच्या पायांना सव्वा इंची चौकोनी पाईपचे दोन तुकडे जोड, त्यात एक इंची चौकोनी पाईप उभा घालायचा, मग उंची पण बदलता येते.

हात विनाकारण लांब करू नका. त्याच पाईपचा हात दुप्पट लांब केला तर टोक आठपट झुकतं. १८ इंच रुंदीच्या टँकला ९-१० इंच पुरे. पीव्हीसी पाईप हलका आणि स्वस्त आहे पण लाइटच्या उष्णतेने आणि सततच्या वजनाने हळूहळू वाकतो आणि वाकलेला परत सरळ होत नाही, दोन फुटी टँकवरच्या हलक्या लाइटपुरता ठीक. पडद्याचा स्टीलचा रॉड दिसायला मस्त, पण पत्रा पातळ असतो, तो आडवा दोन आधारांवर ठेवा, वाकवायला जाऊ नका, चेपतो.

विजेचं आणि सुरक्षा तारेचं

लाइट कशानेही टांगा, त्याच्याबरोबर एक वेगळी सुरक्षा तार हवी. वेगळ्या अँकरला, थोडी सैल, लांबी अशी की मुख्य दोरी तुटली तरी लाइट पाण्याच्या वरच अडकेल. पुली असेल तर ही तार काढ-घाल करायला कॅराबिनर (स्प्रिंगच्या तोंडाची कडी) लावा, लाइट वर-खाली करून झाला की आठवणीने परत अडकवा. लाइटची विजेची वायर वजन घेण्यासाठी नाही, ती नेहमी सैल हवी.

वायर सॉकेटकडे नेताना आधी सॉकेटच्या खाली उतरू द्या आणि मग वर वळवा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालच्या वळणावरून टपकतं, पिनमध्ये जात नाही. पुलीच्या लाइटला हे फार विसरलं जातं, कारण लाइट खाली असताना वळण बरोबर असतं आणि वर घेतला की वायर ताणून सरळ होते, म्हणून लाइट पूर्ण वर घेऊन वळण तपासा. ड्रायव्हर टँकच्या वर ठेवू नका, बाजूला भिंतीवर. लाइटची बॉडी धातूची आणि पिन तीन असेल तर अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. आणि घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच) नसेल तर लाइटच्या आधी तो बसवा. असेल तर त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. हात पाण्यात घालायच्या आधी प्लग काढायचा, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगा, मुलांना तर नक्कीच.

वरून उघडा टँक म्हणजे उड्या मारणारे मासेही आले. किली, हॅचेटफिश, गप्पीसुद्धा. बारीक जाळीची फ्रेम ठेवा, प्रकाश थोडा अडतो पण सकाळी फरशीवर मासा बघण्यापेक्षा बरं.

सगळं पक्कं झाल्यावर उंची परत एकदा ठरवा, कारण झुकलेल्या लाइटमुळे इतके दिवस एका बाजूच्या झाडांना जास्त प्रकाश मिळत होता. पाऊण इंचाने काही होत नाही, पण दोन-तीन इंच झुकाव महिनाभर राहिला असेल तर त्या बाजूच्या काचेवर हिरवं शेवाळ जास्त दिसेल. साध्या झाडांसाठी पाण्यापासून ८ ते १० इंचांवर सुरुवात करा, टायमरवर सहा-सात तास. शेवाळ वाढलं तर तास तेच ठेवून लाइट दोन इंच वर घ्या आणि दोन आठवडे थांबा, झाडं लांबट, विरळ होऊन वर पळायला लागली तर एक इंच खाली.